सूतभर खाच

घराचे काम काढले की चर्चा रंगते ती रंगाची आणि टाइल्सची. दाराची चर्चा झालीच तर ती सनमायका कोणता, हँडल पितळी की स्टीलचे, एवढ्यापुरतीच. ते दार चौकटीला धरून कोण ठेवते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. बिजागऱ्या बिलात शेवटच्या ओळीत, खिळे-स्क्रूंच्या सोबतीने येतात. गेल्या उन्हाळी सुट्टीपर्यंत मीही बिजागरीकडे कधी निरखून पाहिले नव्हते. त्या सुट्टीत मात्र पाच-सहा दिवस एका दाराच्या बिजागऱ्यांभोवतीच गेले, आणि घरातल्या एका वृद्ध बाईचा मानसन्मान कितीशा जाडीच्या खाचेवर टेकलेला असतो ते मला कळले.

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या एका गावात आहे. भिंती चिऱ्याच्या, वर कौले. आमच्याकडच्या बहुतेक घरांसारखेच आमच्याही घरातले कमावते पुरुष आखातात. माझे पती कुवेतला, धाकटे दीर दुबईला. घरी अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, मी आणि माझी दोन मुले. मी जवळच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते.

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसात अम्मी मागच्या अंगणात घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले. अल्हम्दुलिल्लाह, त्या पुन्हा उभ्या राहिल्या, पण वॉकरच्या आधाराने. संडास-न्हाणी अंगणापलीकडे होती. तिथवर जाणे आता शक्य नव्हते. म्हणून त्यांच्या खोलीला लागून असलेल्या धान्याच्या कोठीचे बाथरूम करायचे ठरले. कोठीला सागवानी चौकट होती, अम्मींच्या सासऱ्यांच्या हातची. वाळवी लागलेली नाही, कुठे तडा नाही. ती ठेवायची, असे अम्मींनी सांगितले. जुने दार मात्र जाड फळ्यांचे, इतके जड की वॉकर धरलेल्या माणसाला एका हाताने ओढवले नसते. त्यामुळे जुन्या चौकटीला नवे हलके फ्लश दार लावायचे ठरले.

काम एका ठेकेदाराने केले. टाइल्स छान बसल्या, नळ छान बसला, भिंतीला धरायची दांडीही पक्की लागली. फक्त दार लागेना. लोटले की शेवटच्या बोटभर अंतरावर थांबायचे. जोर लावला की कडीपर्यंत जायचे, आणि हात काढताच परत बोटभर उघडायचे. ठेकेदाराने कडीच्या बाजूने दार तासले. फरक पडला नाही. पुन्हा तासले. मग म्हणाला, “पावसाचे दिवस आहेत, लाकूड फुगले आहे. उन्हाळ्यात आपोआप बसेल.” कोकणात हे कारण कोणालाही पटते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पावसाळ्यात निम्म्या गावाची दारे घासतात. आम्हीही उन्हाळ्याची वाट पाहिली. उन्हाळा आला, दार होते तसेच राहिले.

मधल्या काळात अम्मींनी आपला मार्ग काढला होता. आत गेल्यावर त्या दाराला प्लॅस्टिकचे स्टूल टेकवून ठेवायच्या. वॉकर सांभाळत, वाकून स्टूल ओढायचे, दाराशी लावायचे, आणि बाहेर येताना पुन्हा सरकवायचे. ज्या बाईचे खुब्याचे ऑपरेशन झाले आहे तिने ओल्या फरशीवर असे वाकणे किती धोक्याचे, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. त्या तक्रार करणाऱ्यांतल्या नाहीत. घरात पाहुणे असले, कोणी कामाचा माणूस आलेला असला, की त्या बाथरूमला जायच्याच नाहीत. जावे लागू नये म्हणून त्यांनी पाणी कमी केले होते. हे मला माझ्या धाकट्याने सांगितले. “दादी पाण्याचा ग्लास परत पाठवते,” म्हणाला. पुढे ताप आला, तपासणीत लघवीचा जंतुसंसर्ग निघाला, आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की पाणी किती पितात?

आपल्या घरांत दाराला केवढा मान आहे ते वाचकांना ठाऊक आहे. दुसऱ्याच्या घरी सलाम करून, परवानगी घेऊनच आत जावे, ही शिकवण कुरआन शरीफच्या सूरह नूरमध्ये आहे. त्याच सूरहमध्ये घराच्या आतलीही तीन वेळांची शिस्त सांगितली आहे. फज्रच्या नमाजपूर्वी, दुपारी कपडे उतरवून विश्रांती घेताना आणि इशाच्या नमाजनंतर, या तीन वेळी घरातल्या लहान मुलांनीही विचारूनच मोठ्यांच्या खोलीत यावे. मदरशात, घरात आपण हे मुलांना शिकवतो. माझी मुलेही दादीच्या दारावर टकटक करतात. पण टकटक करायची तर आधी दार बंद व्हायला हवे. अर्धवट उघड्या दारावर टकटक करण्याला अर्थ राहत नाही. हया ही मनातली गोष्ट खरी, पण म्हाताऱ्या, आजारी माणसाची हया पुष्कळदा कडी लागते की नाही यावर अवलंबून असते.

मे महिन्यात शेजारच्या वाडीतल्या जुन्या मिस्त्रींना बोलावले. वय पासष्टच्या पुढे, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांच्यासोबत एक मदतनीस मुलगा आला. तो निघाला माझाच विद्यार्थी. नववीनंतर शाळा सोडलेला. मला पाहून जरा मागे सरला, मग म्हणाला, “अस्सलामु अलैकुम, आपा.”

मिस्त्रींनी दाराला हातही न लावता आधी ते अर्धे उघडून नुसते पाहिले. मग सावकाश लोटले. दार शेवटच्या बोटावर थांबले तेव्हा त्यांनी कडीकडे पाहिले नाही, बिजागऱ्यांच्या बाजूला डोळा लावला. म्हणाले, “बाई, रोग इकडे आहे आणि औषध तिकडे लावलंय.”

त्यांनी मला जे दाखवले ते घराघरांत उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर सांगते. बिजागरीला दोन पाती असतात. एक पाते चौकटीत बसते, दुसरे दाराच्या कडेत. दोन्ही ठिकाणी पात्याच्या जाडीइतकीच खाच पाडायची असते, म्हणजे पाते लाकडाशी सपाट बसते. वरून बोट फिरवले तर कुठे चढ नाही, कुठे खड्डा नाही. खाच उथळ राहिली तर पाते वर राहते आणि दार-चौकटीत मोठी फट पडते. ती दिसायला वाईट, पण दार निदान लागते. खाच खोल गेली तर पाते खड्ड्यात बसते, दाराची कड चौकटीच्या फार जवळ जाते आणि दार पूर्ण मिटायच्या आधीच लाकडाला लाकूड टेकते. मग जोर लावावा तेवढा बिजागरीवर ताण येतो, आणि सोडले की दार उसळून परत येते.

मला पटकन समजेना. तेव्हा मिस्त्रींनी अम्मींच्या खाटेखालची लोखंडी पेटी ओढली. झाकणाच्या मागच्या बाजूला, बिजागरीजवळ, त्यांनी पंचाचे टोक ठेवले आणि झाकण लावले. मागे पंचा सूतभर जाडीचा, पण पुढे झाकण चांगले दोन बोटे उघडे राहिले. “आता पुढची कड कितीही तासा,” ते म्हणाले, “झाकण बसेल का?”

आमच्या दाराचे हेच झाले होते. जुन्या चौकटीतल्या खाचा जुन्या, जाड लोखंडी बिजागऱ्यांसाठी पाडलेल्या होत्या. ठेकेदाराने वेळ वाचवायला नव्या पातळ स्टीलच्या बिजागऱ्या त्याच खाचांत बसवल्या. पाती अर्ध्या सुताने आत गेली. आणि तासले कोणते, तर कडीच्या बाजूचे लाकूड, ज्याचा काही दोषच नव्हता. पावसात फुगलेले दार वेगळे ओळखू येते. ते घासते, अडकते, ओढावे लागते, आणि कोरड्या दिवसांत सुटे होते. उसळून परत येणारे दार बारा महिने उसळते. एवढा फरक माहीत असता तर आमचे दार दोनदा तासले गेले नसते.

‘सूत’ हा शब्द मी इथे पुन्हा पुन्हा वापरते आहे. सुतारांच्या हिशेबात एक इंच म्हणजे आठ सूत. म्हणजे एक सूत साधारण तीन मिलिमीटरचे. बिजागरीचे पाते सुतापेक्षाही जरा पातळ असते. मिस्त्री बोलताना “अर्धं सूत”, “पाव सूत” असे म्हणत, आणि तो मुलगा लगेच पट्टीवर बोट ठेवी. याच मुलाच्या अपूर्णांकांविषयी आमच्या गणिताच्या शिक्षकांची तक्रार असे. फळ्यावरचा अष्टमांश त्याला कधी जमला नाही, पण चौकटीवरचा अष्टमांश तो डोळ्यांनी ओळखत होता.

भाषा शिकवत असल्यामुळे माझे कान त्यांच्या शब्दांकडेही होते. मराठीत आपण ‘बिजागरी’ म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज ‘बिसाग्रा’वरून आलेला. ‘मिस्त्री’ आणि ‘चावी’ हेही त्याच वाटेने आले. उर्दूत बिजागरीला ‘कब्जा’ म्हणतात. मराठीत कब्जा म्हणजे ताबा, उर्दूत ताबाही आणि बिजागरीही. पकडून ठेवते ते कब्जा. ‘दरवाजा’ फारसीतून आला, ‘चौकट’ आणि ‘उंबरठा’ इथल्याच मातीतले. जुन्या काळी लोखंडी बिजागरी नव्हती तेव्हा दाराच्या फळीलाच वर-खाली लाकडी खुंट्या ठेवून त्या उंबरठ्याच्या आणि वरच्या पाटाच्या भोकांत फिरवत. उर्दूत त्या खुंटीला ‘चूल’ म्हणतात, आणि एखादी व्यवस्था खिळखिळी झाली की तिच्या ‘चुली हलल्या’ अशा अर्थाचे बोलले जाते. एका दारात इतक्या मुलखांचे शब्द नांदतात आणि दार सगळ्यांना सारखेच उघडते, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

काम सुरू झाले. पहिल्या दिवशी दार उतरवले आणि जुन्या खाचा भरल्या. भरायला पुटिंग चालत नाही. स्क्रू पुटिंगला नाही, लाकडाला धरतो. मिस्त्रींनी जुन्या सागाचे तुकडे खाचेच्या मापाने कापले, त्यांचे तंतू चौकटीच्या तंतूंच्या दिशेनेच राहतील असे पाहिले, फेव्हिकॉल लावून ठोकून बसवले आणि रात्रभर सुकू दिले. जुन्या स्क्रूंच्या भोकांतही लाकडी खुंट्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी वरून रंधा मारला तेव्हा चौकट पुन्हा अखंड दिसली.

मग ओळंबा लावला. चौकट सरळ उभी आहे की कललेली, हे पाहिल्याशिवाय बिजागरीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. चौकट कललेली असेल तर दार आपोआप उघडत किंवा मिटत राहते, आणि दोष बिजागरीला लागतो. आमची चौकट इतक्या वर्षांनंतरही ओळंब्यात होती. मिस्त्रींनी दाद दिली ती अम्मींकडे पाहून. अम्मी खाटेवरून सगळे बघत होत्या. म्हणाल्या, “आमच्या सासऱ्यांनी बसवली आहे ती.” बस, एवढेच. पण आवाजात जे होते ते मी ऐकले.

नव्या बिजागऱ्या चार इंची, तीन. एक वरून सुमारे सात इंचांवर, एक खालून सुमारे दहा इंचांवर, तिसरी मधे. हलक्या दाराला दोन पुरतात, असे पुष्कळजण म्हणतात. मिस्त्रींचे म्हणणे असे की बाथरूमच्या दाराला ओलावा लागतो, ते वाकू पाहते, मधली बिजागरी त्याला सरळ ठेवते. आणि तिन्ही बिजागऱ्यांच्या दांड्या एका सरळ रेषेत यायलाच हव्यात. एक जरी पुढे-मागे झाली तरी तिघी एकमेकींशी भांडतात. दार कुरकुरते, आणि पुढे एकीचे स्क्रू निसटतात. सगळ्यात जास्त ओढ वरच्या बिजागरीवर असते, कारण दाराचे वजन तिला चौकटीपासून बाहेर खेचत असते. खालची उलट आत दाबली जाते. म्हणून दार खाली घासू लागले की खालचा भाग तासण्याआधी वरच्या बिजागरीचे स्क्रू तपासावेत.

खाच पाडताना मिस्त्रींनी बिजागरी जागेवर धरली आणि भोवती पेन्सिलीने नव्हे, चाकूच्या टोकाने रेघ मारली. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, चाकूच्या रेघेला नसते. शिवाय चाकूने वरचे तंतू कापले जातात, त्यामुळे पटाशी मारताना कडा फुटत नाही. खोलीची रेघ चौकटीच्या कडेवर वेगळी मारली, पात्याची जाडी पात्यावरूनच घेऊन. पट्टीने मोजले नाही. “जे बसवायचं तेच माप,” ते म्हणाले. मग पटाशी उभी धरून रेघेच्या जरा आतून दोन्ही टोकांना घाव घातले, आणि त्या दोन घावांच्या मधे, दोन-दोन सुतांवर, आडवे हलके घाव. पोळपाटावर शंकरपाळ्यांच्या पट्ट्या पाडाव्यात तसे दिसत होते. या घावांमुळे लाकूड लहान लहान तुकड्यांत निघते, एकदम लांब चीर जात नाही. मग पटाशी आडवी करून, बाजूने, हाताच्या दाबानेच एकेक पापुद्रा काढायचा. इथे हातोडी नाही. शेवटचे अर्धे सूत तर नुसत्या तळहाताच्या जोराने.

वरची आणि खालची खाच मिस्त्रींनी पाडली. मधली त्यांनी त्या मुलाला दिली आणि स्वतः चहा घेत बसले. मुलाने घाव घातले आणि पटाशी माझ्यापुढे धरली. “आपा, तुम्ही काढून बघा ना. पटाशीची सपाट पाठ लाकडाला लागली पाहिजे. घाई नाही करायची.” मी त्याच्या सांगण्याप्रमाणे एकेक पापुद्रा काढत गेले. दर दोन-तीन पापुद्र्यांनंतर तो बिजागरी ठेवून दाखवी. “अजून एक केस,” तो म्हणे. मग, “अजून अर्धा.” मग त्याने पात्यावरून नख फिरवले, माझे नखही फिरवून घेतले. पाते कुठे संपते आणि लाकूड कुठे सुरू होते, ते नखाला कळले नाही. “बस, आपा. आता हात नाही लावायचा.”

जास्त काढलेले लाकूड परत येत नाही, म्हणून कमी काढून पाहायचे, पुन्हा पाहायचे. हे त्याला कोणी व्याख्यानात सांगितलेले नव्हते. बी.एड.ला आम्ही ‘कृतीतून शिक्षण’ या विषयावर पानेच्या पाने लिहिली होती. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने जी शिक्षण परिषद झाली, तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसैन होते, आणि त्या समितीने हस्तोद्योग हाच शिक्षणाचा मध्यबिंदू मानला होता. जामिया मिल्लियासारख्या संस्थेसाठी आयुष्य वेचणारा, उर्दूत सुंदर लिहिणारा हा माणूस पुढे देशाचा राष्ट्रपती झाला. आपल्या समाजातल्या किती घरांत हे सांगितले जाते? आपण मुलाला दहावीला टक्के कमी पडले की “आता काय, सुतारकीच करणार” असे त्याच्यासमोरच म्हणतो. हजरत झकरिया अलैहिस्सलाम सुतारकाम करीत, हे हदीसमध्ये आलेले आपल्याला ठाऊक असते, तरी म्हणतो. त्या मुलाने शाळा सोडली याचे मला वाईट वाटते, आणि दहावीला बाहेरून बसण्याचा फॉर्म त्याने भरावा म्हणून मी त्याच्या मागे लागले आहे. पण त्याच्या हातात जे आहे ते शिक्षण नाही, असे मी आता कोणालाही म्हणू देणार नाही.

दार चढवताना आधी प्रत्येक बिजागरीला एकेकच स्क्रू लावला. सगळे स्क्रू एकदम लावायचे नाहीत. दार लावून-उघडून पाहायचे, फट पाहायची. चौकट आणि दार यांच्यामध्ये चारी बाजूंनी एक नाणे सहज सरकेल इतकी फट हवी. पावसात फुगायला तेवढी जागा लागते. सगळे बरोबर आले तेव्हाच उरलेले स्क्रू. जुने स्क्रू अर्ध्या इंचाचे आणि हातोडीने ठोकलेले होते. नवे दीड इंची, आधी बारीक भोक पाडून, टोकाला साबण लावून, पेचकसाने फिरवून बसवले. ठोकलेला स्क्रू लाकडाचे तंतू फाडतो. फिरवलेला स्क्रू तंतूंत आटे कापत जातो आणि धरून राहतो. कडीच्या बाजूला दोनदा तासून जी मोठी फट पडली होती तिथे सागाची पट्टी चिकटवली. दाराच्या वरच्या आणि तळाच्या कडेलाही रंग दिला. या दोन कडा कोणाला दिसत नाहीत म्हणून रंगारी त्या सोडून देतात, आणि पाणी तिथूनच शिरते.

मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती वृद्धांच्या घरात सगळ्यांनी लक्षात ठेवावी. बाथरूमचे दार बाहेर, म्हणजे खोलीच्या बाजूला उघडणारे असावे. आत माणूस पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते आणि मदतीला जाता येत नाही. आमच्या चौकटीचा पताम, म्हणजे दार टेकते ती खाचेची कड, सुदैवाने खोलीच्याच बाजूला होती. आणि आतली कडी बदलून वेळ पडल्यास बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी लावली.

दार लावून पाहायला अम्मींनाच सांगितले. त्या वॉकर घेऊन आत गेल्या. एका बोटाने दार ओढले. ‘टक्’ असा हलका आवाज झाला आणि दार लागले. आत बऱ्याच वेळ काही आवाज नाही. मिस्त्री हत्यारे पिशवीत भरत होते, तेही थांबले. मग कडी निघाली आणि अम्मी बाहेर आल्या. कोणाला काही बोलल्या नाहीत. खाटेवर बसून त्या मिस्त्रींना म्हणाल्या, “तुमच्या हाताला बरकत येवो.” प्लॅस्टिकचे स्टूल त्यांनी त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात पाठवून दिले. आठवडाभराने धाकट्याने, मी न विचारताच, सांगितले की दादी आता ग्लास परत पाठवत नाही.

कुवेतहून फोन आला तेव्हा पतींनी खर्च विचारला. मी आकडा सांगितला. ते म्हणाले, “एवढ्याच पैशांत झालं? मग आधीच का नाही झालं?” खर्च मोठा नव्हता, म्हणूनच तर त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. आखातातून पैसा येतो तेव्हा आपण घरावर मजला चढवतो, दर्शनी भागाला ग्रॅनाइट लावतो. त्यात वाईट काही नाही. पण त्याच घरात एखाद्या आईला आतून दार लागत नसेल, एखाद्या वयात आलेल्या मुलीच्या खोलीची कडी नीट बसत नसेल, तर आधी ते करावे. घरातल्या बायका या गोष्टी बोलून दाखवत नाहीत. त्या स्टूल लावतात, दोरी बांधतात, पाणी कमी पितात.

ज्यांच्या घराचे काम चालू आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जुन्या चौकटीला नवे दार लावत असाल तर जुन्या खाचा लाकडाने भरून नव्या बिजागरीच्या मापाने पुन्हा पाडायला सांगा. जुनी खाच थोडीच खोल असेल तर पात्यामागे पुठ्ठ्याची किंवा पातळ प्लायची पट्टी घालूनही भागते, पण बाथरूममध्ये पुठ्ठा टिकत नाही. पाते लाकडाशी सपाट आहे की नाही ते नख फिरवून स्वतः पाहा. स्क्रू ठोकताना दिसला तर हात धरा. दार उसळत असेल तर कडीची बाजू तासू देऊ नका. आणि पावसाळ्यात दार घासले म्हणून घाईने तासू नका. उन्हाळ्यात तिथेच फट दिसेल.

शेवटचे म्हणजे पैसे चुकते करण्याआधी घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाला आत जाऊन एका हाताने दार लावायला सांगा. मिस्त्रीला, ठेकेदाराला, तुम्हाला ते लागेलच, आपल्या हातांत जोर आहे. त्या माणसाच्या हाताने कडी बसली, तर काम झाले.